ठिगळाचं वजन

डॅलम्यूर
सोमवार, ७ मार्च १९४९

प्रिय अलेक,

किनरॉस परत आली आहे.

बावीस वर्षांनी भावाला पत्र लिहायचं तर आधी तब्येत विचारतात. ती मी शेवटी विचारीन. आधी ही बातमी, कारण टास्मानियाच्या वर्तमानपत्रात ती येईल असं मला वाटत नाही.

काल प्रार्थना संपवून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो तेव्हा नदीवर शिट्टी झाली. दोन टग तिला ओढत आणत होते. तिन्ही धुराडी थंड, दोन्ही अंगांना गंजाचे ओघळ, तोफांची तोंडं बुजवलेली. सगळी मंडळी प्रार्थनेची पुस्तकं काखेत मारून काठावर गेली. माझ्या शेजारची जेसी म्हणाली, "अगं बाई, ही तर पार म्हातारी झाली!"

"आपण काय कोवळ्या राहिलोय?" मी म्हटलं.

ती तोडायला आली आहे. जिथून आपण तिला पाण्यात सोडली तिथून जेमतेम अर्ध्या मैलावर. पुरुषांनी टोप्या काढल्या. टगवरच्या माणसाला वाटलं त्याच्यासाठीच काढल्या, त्याने खुशीत हात हलवला.

मर्डोला जाऊन, मला विधवा होऊन, सोळा महिने झाले. तुला तार केली होती. उत्तर आलं नाही, पण काही आठवड्यांनी खोकं आलं: पीचचे सहा डबे, जॅमचे चार. वर पोस्टाने लिहिलेलं वजन तू खोडलं होतंस आणि अर्धा औंस कमी करून आपल्या अक्षरात लिहिलं होतंस. चिठ्ठी नव्हती. मी एक डबा तिथेच उभ्या उभ्या उघडून खाल्ला. मर्डो गेल्यावर खरी भूक लागली ती त्या दिवशी पहिल्यांदा. तुझे आभार मानायचे राहिले होते.

आता मुख्य गोष्ट. ज्या पत्र्यामुळे तुझं नाव गेलं तो अजून तिच्या पोटात आहे. ती कापून संपायच्या आत मला तुझा हिशेब सरळ करायचा आहे. एका पत्रात जमेल असं वाटत नाही. मी भित्री आहे, तुला ठाऊक आहे.

काय झालं ते तुला सांगायला नको, पण मला ते एकदा माझ्या हाताने लिहू दे. क्रूझर दहा हजार टनांच्या वर नको, असा देशादेशांचा करार झाला होता. म्हणून गोदीच्या फाटकावर काटा बसवला आणि काट्यावर तुला बसवलं. आत जाणारा प्रत्येक पत्रा, रिव्हेटची प्रत्येक पेटी, दाराच्या मुठी, सगळं तुझ्या वहीतून गेलं. बाहेर येणारा भुसासुद्धा तू तोलून वजा केलास. लोक म्हणायचे, "रँकिनसमोर श्वास सोडू नका रे, तोही वहीत मांडील."

मग सत्तावीसच्या फेब्रुवारीत जहाजाच्या टपालखोलीत फळ्या बसवत होते. नौदलाच्या तपासनिसाच्या हाताला भिंतीवर एक ठिगळ लागलं, पाच फूट लांब, दोन फूट रुंद. ते ना नकाशात होतं ना तुझ्या वहीत. एक पत्रा न तोलता आत गेला तर आणखी किती गेले असतील, असं ते म्हणाले. तुझी अडीच वर्षांची वही एका दुपारी रद्दीत गेली आणि तुला लाकडाच्या वखारीत धाडलं. सप्टेंबरात तू देश सोडलास.

जायच्या आदल्या दिवशी तू आमच्याकडे आलास. बसला नाहीस. मर्डोला म्हणालास, "जहाजाचा मागचा भाग तुझ्या टोळीचा. एक तर तू चोर आहेस, नाहीतर मी आंधळा. कुठलं ते सांग."

मर्डो बोलला नाही. मी चहा ओतत होते. मीही बोलले नाही.

तू आंधळा नव्हतास, अलेक. मला तेव्हाच ठाऊक होतं. आज एवढंच लिहवतं.

तब्येत कशी आहे? गुडघा अजून दुखतो का?

एफी


डॅलम्यूर
मंगळवार, २९ मार्च १९४९

प्रिय अलेक,

ते ठिगळ मर्डोने लावलं. तीन आठवडे हे वाक्य घेऊन मी भांडी घासली, झाडून काढलं. आता लिहून टाकते.

टपालखोलीच्या दोन अंगांना दोन पत्रे बसायचे होते, एक डावा, एक उजवा, आरशातल्यासारखे. डावा बसला. मग उजवा उचलला, तर तोही डावाच. दोन्ही बूट एकाच पायाचे. सपाट पत्रा असता तर उलटा करून लावला असता आणि कोणाला कळलं नसतं. पण याची कड दुमडलेली होती, ती भलत्या अंगाला.

मर्डोने तो परत पाठवायला हवा होता. त्याऐवजी शनिवारी दुपारी भोंगा झाल्यावर, तुझा काटा बंद झाल्यावर, त्याने टोळीतल्या दोघांना थांबवून घेतलं. कड कापली, नको ती भोकं बुजवली, नवी पाडली. त्यामुळे पत्रा कमजोर झाला म्हणून आतून ठिगळ मारलं. ठिगळाचं लोखंड नदीकडच्या उतारावरून आत नेलं. त्या दोघांपैकी एक बॉम्बहल्ल्यात गेला, दुसरा दारूत. दोघांनीही शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

मर्डोने स्वतःची चूक झाकली असं समजू नकोस. चूक दुसऱ्या कोणाची होती. त्याबद्दल पुढे लिहीन. आज नाही.

परवा मी तोडणीच्या जागेवर गेले होते. तिथला मुकादम टेनंट म्हणून आहे, ग्रीनॉकचा. पोट पुढे आणि आवाज पोटाच्याही पुढे.

"ओ बाई! इथे बायकांना मनाई आहे."

"मी बांधलेलं जहाज आहे."

"तुम्ही? बांधलंत?"

"नकाशे गिरवले. दोनशेच्या वर."

त्याने मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. "बरं झालं भेटलात. मला सांगा, या तुमच्या लेकीला एवढे रिव्हेट कशाला ठोकलेत? माझी माणसं सकाळपासून शिव्या घालतायत."

"तुटू नये म्हणून."

"ते दिसतंच आहे!" तो इतक्या जोरात हसला की वर काम करणारे दोघे थांबून खाली बघायला लागले.

मी त्याला ठिगळाची जागा सांगितली: मागचा भाग, उजवं अंग, टपालखोली. ते वेगळं काढून ठेवाल का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "लोक घंटा मागतात, चाक मागतात. एकाला कप्तानाचं न्हाणीघर हवं होतं. ठिगळ मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आम्ही वरून खाली कापत येतो, मागचा भाग जूनअखेर. तोवर तुम्ही विसराल."

"नाही विसरणार."

"मग मी विसरेन. मला आठवण करायला यावं लागेल."

म्हणून आता दर शुक्रवारी मी त्याला आठवण करून देते आणि सोबत ओटच्या भाकऱ्या नेते. तो म्हणतो, त्या चिलखती पत्र्यापेक्षा कडक आहेत. पण उरलेल्या रुमालात बांधून घरीही नेतो.

एफी


डॅलम्यूर
मंगळवार, २६ एप्रिल १९४९

प्रिय अलेक,

तुझं उत्तर नाही. मला घाई नाही.

रविवारपासून गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन उठलं. काल दुकानापुढे सगळी मोठी माणसंच रांगेत, चेहरे अगदी गंभीर. मी आंबट गोळ्यांची पुडी आणली आणि पत्र लिहायला बसले. अर्धी पुडी संपली तरी पहिली ओळ होईना.

तो नकाशा मी गिरवला होता.

ट्रेसरचं काम तुला आतून कधी दिसलं नाही. आमचा जिना वेगळा, दार वेगळं. पुरुषांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे भिंतीतल्या खिडकीतून आत यायचे आणि आम्ही ते खळीच्या पारदर्शक कापडावर शाईने गिरवायचो. डोकं चालवायचं नाही, रेघ चालवायची, असं आमची मुख्य ट्रेसर मिस बेअर्ड सांगायची. फुकट गेलेलं कापड आम्ही घरी नेऊन उकळायचो. खळ गेली की खाली मऊसूत सुती कापड. तुझ्या पेटीत मी ठेवलेले सहा रुमाल त्याचेच होते. ठेवले होते हे तरी तुला कळलं का?

नकाशात दोन्ही बाजू कधी काढत नाहीत. डावी काढायची आणि कडेला एक ओळ लिहायची: उजवी याच्या उलट. त्या नकाशावर ती ओळ होती. कापडावर ती उतरली नाही. कारखान्याने पाहिलं, दोन नग हवेत, केले दोन सारखे.

लग्नाला दोन महिने होते, खिडकीतून मर्डो दिसत होता, म्हणून हात चुकला, असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. खरं म्हणजे जेवणाच्या भोंग्याला पाच मिनिटं होती आणि मला भूक लागली होती. एवढंच. शाई वाळली, मी कोपऱ्यात ई. आर. लिहिलं आणि जेवायला गेले. मटणाच्या खिम्याची वडी होती.

मर्डोने पत्रा उचलला, नकाशा मागवला, कोपऱ्यातली अक्षरं पाहिली. तक्रार केली तर माझं नाव येणार. म्हणून त्याने कड कापली.

आता दुसरी गोष्ट. ही मी वाचनालयात वाचली. मिस पेटिग्रू मला नौदलाची जाडजूड वार्षिकं काढून देते. पूर्वी विचारायची, "मिसेस लॉरिमर, नक्की हीच हवीत ना? एखादी छानशी कादंबरी?" आता मला पाहिलं की न विचारता शिडी लावते. बावीस वर्षांत मी किनरॉसचा माग तसाच काढत आले. चीनच्या समुद्रात ती आठ वर्षं होती, पांढरी शुभ्र, पिवळी धुराडी. पुस्तकात तिला उंच, ऐसपैस आणि पातळ कातडीची म्हटलंय. वजन वाचवण्यासाठी चिलखत काढून घेतलं होतं ना. खलाशी तिला बिस्किटाचा डबा म्हणायचे. पण असा डबा त्यांना आवडायचा, कारण झोपायला जागा होती.

आणि ऐक. पूर्ण झाली तेव्हा ती दहा हजारांच्या खूपच आत भरली. दोनशे टन शिल्लक. तुझ्या वहीवर त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण पाण्याने ठेवला. छत्तीस साली ती दुरुस्तीला आली तेव्हा त्या शिल्लक वजनातून तिच्या कमरेला साडेचार इंची चिलखताचा पट्टा बांधला. बेचाळीस साली नॉर्वेच्या वरच्या समुद्रात एक गोळा त्याच पट्ट्यावर बसला. आतल्या एंजिनखोलीत सतरा माणसं होती. पुस्तकात लिहिलंय, पट्ट्याला पोचा आला, माणसं कामावर राहिली.

ते दोनशे टन तू वाचवलेस. शिडीच्या पायऱ्यांना भोकं पाडायला लावून, सुतारांशी भुशावरून भांडून. मी ते पान तीनदा वाचलं. मिस पेटिग्रू चष्मा काढून विचारायला आली, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "माझा भाऊ." तिला वाटलं भाऊ त्या जहाजावर होता. मी तिला दुरुस्त केलं नाही.

अजून एक गोष्ट उरली आहे. ती सगळ्यात वाईट.

एफी


डॅलम्यूर
सोमवार, ३० मे १९४९

प्रिय अलेक,

मर्डो तुला सांगायला निघाला होता. मी त्याला अडवलं.

ठिगळ सापडलं त्याच दिवशी तो कामावरून आला आणि डबा ठेवून पुन्हा दाराकडे वळला.

"मी अलेककडे जाऊन येतो."

"आत्ता? चहा तरी घे."

"त्याची वही गेली, एफी. माझ्यामुळे. ते ठिगळ माझं आहे."

"तुझं? कशाला लावलंस?"

तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "नकाशात एक ओळ नव्हती."

"कोणी गिरवला होता?"

त्याने माझ्याकडे फक्त पाहिलं. मला कळलं ते तेव्हा. कित्येक महिने तो ते एकटा घेऊन फिरत होता.

"तू आता तिथे कामाला नाहीस," तो म्हणाला. "तुला कोण काय करणार?" त्याचं बरोबर होतं. लग्न झालं की ट्रेसरला घरी बसावंच लागतं. मला घरी बसून आठ महिने झाले होते. माझं कोणी काही वाकडं करू शकत नव्हतं.

मी म्हटलं, "तुझी नोकरी जाईल. नव्या वर्षाला तर फोरमनची टोपी मिळाली तुला." हे मी त्याला सांगितलं, आणि पुढे वर्षानुवर्षं स्वतःलाही सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्या घटकेला माझ्या मनात ते नव्हतं. माझा एक नकाशा मिस बेअर्डने काचेत घालून भिंतीवर लावला होता, नव्या मुलींनी बघून शिकावं म्हणून. शाळा तेराव्या वर्षी सुटलेल्या मुलीचा नकाशा. तो उतरवतील, आणि का उतरवला ते त्या पोरींना सांगतील, हे मला सहन होईना. त्या काचेतल्या कापडासाठी मी तुझं नाव जाऊ दिलं, अलेक.

मर्डो दारातून मागे आला. मग त्याने कोट काढला. तू बोटीवर चढलास त्या आठवड्यात त्याने फोरमनची गोल काळी टोपी परत केली आणि पुन्हा टोळीत जाऊन पत्रे लावायला लागला. लोकांनी विचारलं तर म्हणायचा, डोक्याला घट्ट होत होती. मी अडवलं याबद्दल तो मला कधी एक शब्द बोलला नाही. शेवटी शेवटी रिव्हेटच्या आवाजाने ठार बहिरा झाला होता. मी दाराशी उभी राहून ओरडले तरी कळत नसे, म्हणून आमची भांडणंही थांबली. पण पोस्टमनला मी हळूच विचारलं, "टास्मानियाहून काही?" की हा आतल्या खोलीतून विचारायचा, "आलं का?"

वखारीतून परत बोलावतील म्हणून तू जेवढे दिवस वाट बघितलीस, त्या प्रत्येक दिवशी मी तुला भेटत होते, स्कोन भाजून देत होते. हेही लिहून ठेवते.

मागच्या महिन्यात मी गोदीच्या कचेरीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं: नकाशा माझा, ओळ मी गाळली, पत्रा न तोलता गेला, वजनवाल्या रँकिनचा काही दोष नाही, तशी नोंद करा. उत्तर आलं, टंकलिखित, फार सभ्य. त्या काळचे सर्व कागद एक्केचाळीसच्या बॉम्बहल्ल्यात जळले. आत्ताच्या कोणालाही श्री. रँकिन किंवा तशी वही आठवत नाही. तरी कळवल्याबद्दल आभारी आहोत.

मी ते पत्र घेऊन मिस बेअर्डच्या घरीही गेले. तिथे आता तिची भाची राहते. मिस बेअर्ड बेचाळीसला वारली.

तेव्हा असं आहे. ज्यांच्यासमोर तुझ्या नावावरचा डाग धुवायचा ते सगळे गेले. तुला दोष देणारं कोणी उरलं नाही, आणि दोष नव्हता हे ठाऊक असलेली मी एकटी. मी फार उशीर केला.

टेनंट म्हणतो, तीन आठवड्यांत टपालखोलीपाशी पोचू.

एफी


डॅलम्यूर
सोमवार, ११ जुलै १९४९

प्रिय अलेक,

तुझं पत्र आलं. पाकीट इतकं हलकं होतं की पोस्टमन म्हणाला, "आत काही आहे का बघा हं, नाहीतर तक्रार करू." मी ते टेबलावर ठेवून आधी चूल साफ केली. मग उघडलं.

"एफी, वजन किती होतं? रंग खरवडून तोल. अ. रँकिन."

सहीत आडनावही. बहिणीला! मी हसले. मला वाटलं होतं तू शिव्या देशील, किंवा पत्र फाडशील. तुला इतकी वर्षं काय टोचत होतं ते मला आत्ता कळलं. वहीत एक आकडा कमी होता.

पत्र घेऊन तशीच टेनंटकडे गेले. त्याने वाचलं. "हा कोण माणूस आहे?"

"माझा भाऊ. या जहाजाचा वजनवाला."

"पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून रंग खरवडायला सांगतोय?" त्याने डोकं खाजवलं. मग एकदम सरळ उभा राहिला. "बरोबरच आहे म्हणा. रंगाचं वजन लोखंडात कसं धरायचं?" आणि माझ्या हातात खरवडणी दिली.

ठिगळ त्याने आधीच्या गुरुवारी कापून काढलं होतं. दोन माणसांनी ते छपराखाली आडव्या लाकडांवर ठेवलं. मी दोन दिवस खरवडलं. तुला दुसऱ्या कोणी हे सांगितलं नसतं, म्हणून थर उलगडतील तसे लिहिते.

सगळ्यात वर मळकट हिरवा, शेहेचाळीसचा. सैनिकांना घरी आणायच्या फेऱ्या करत होती तेव्हाचा. घाईत फासलेला, ब्रशचे केस तसेच आत. त्याखाली लढाईतला पांढरा. त्यावर जहाजाच्या टपालवाल्याने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, कारण फळीमागे कोणी बघत नाही: "डिसेंबर ४३. रशियाची वाट. चौथा आठवडा टपाल नाही. आता कोणी विचारत नाही." खाली दुसरी ओळ, तीच पेन्सिल: "४० पोती! दाराशी मारामारी. माझा चष्मा फुटला."

पांढऱ्याखाली मलईसारखा पिवळसर, चकचकीत, शांततेच्या काळातला. त्यावर दुसरं अक्षर, वळणदार: "हाँगकाँग. ९ पोती, २ भिजलेली. डॉसनला पाच पत्रं, पाच वेगळ्या मुलींची. हा माणूस मरणार." टेनंटच्या माणसांनी हे मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा. डॉसनचं पुढे काय झालं याच्यावर सबंध जेवणाची सुट्टी गेली.

मग शेंदरी थर. तो सुटायला दुपार लागली. त्याखाली लोखंड निघालं, नवं असावं तसं निळसर, आणि उजव्या कोपऱ्यात ठोकणीने पाडलेल्या ठिपक्यांची एक ओळ. मला आधी रेघा वाटल्या. टेनंटने दिवा तिरपा धरला.

"१९६ पौंड. मर्डो लॉरिमर."

अलेक, त्याने ते तोलून लावलं होतं. त्या शनिवारी, बहुधा तुझ्याच काट्यावर. किल्ली कुठे लटकवतोस ते त्याला ठाऊक होतं. आणि नाव घातलं होतं, आडनावासकट. शेंदरी रंग मारणाऱ्याला काय, तो वरून फासून मोकळा झाला. सत्तावीस साली तपासनिसाने नखाने जरी खरवडलं असतं तरी तिथेच वजन मिळालं असतं आणि करणाराही मिळाला असता. कोणी खरवडलं नाही. तू सांगितलंस म्हणून मी खरवडलं.

मला हे तो कधी बोलला नाही. मी तिथे लोखंडावर हात ठेवून बसले. टेनंट सगळ्यांवर ओरडला, "बघताय काय? कामं संपली का?" आणि स्वतःही गेला.

नंतर त्यांच्या काट्यावर ठिगळ चढवलं. काटेवाला आकडा वाचणार तेवढ्यात टेनंट म्हणाला, "नीट बघ रे. हा टास्मानियाला जायचाय." एकशे त्र्याण्णव पौंड. खरवडलेला रंग बादलीत जमवला होता, तो साडेसहा पौंड. तीन पौंडांचा फरक टेनंटच्या मते ज्योतीने कडा खाल्ल्या त्याचा. तू कुठला आकडा धरायचा तो धर. मी मर्डोचा धरला असता, पण मी वजनवाली नाही.

टेनंट म्हणाला, "घेऊन जा ठिगळ, आठवण म्हणून." मी नको म्हटलं. माझ्या खोलीत पाच फुटी लोखंड कुठे ठेवू? ते इतरांबरोबर भट्टीत गेलं. त्याआधी मी त्या ओळीवर कागद ठेवून पेन्सिल घासली, ठिपके उमटले. तो कागद या पत्रात घातलाय. नाव आणि आकडा दोन्ही स्पष्ट आहेत, काही गाळलेलं नाही.

किनरॉसचा आता फक्त तळ उरलाय. भरतीला तोही दिसत नाही.

काल तुझ्या दोन ओळी पुन्हा वाचत होते तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मी चार पत्रांत सगळं कबूल केलं, पण मागायचं ते कुठेच मागितलं नाही. कबूल करणं मला सोपं वाटलं असावं.

मला माफ कर, अलेक. करणार नसशील तर तसं लिही. पण लिही.

एफी